व्हेनिस नगरींतील तरुण रुग्णसेवक

ख्रिस्तमंदिराचा महोत्सव साजरा करण्याची वेळ आली म्हणजे आपण प्रथम जुनीं दप्तरें उघडतों. कोनशिला कोणत्या सालीं बसली, घंटाघर केव्हां पुरें झालें, वेदी कोणाच्या देणगींतून उभी राहिली, कोणकोणते धर्मगुरु येथें येऊन सेवा करून गेले, या सर्वांची नोंद त्यांत सांपडते; आणि ती जपून पुढील पिढीच्या हातीं देणें हें आपलें कर्तव्यच आहे. परंतु साथीच्या दिवसांत ज्यांनीं शेजाऱ्याच्या घरांत शिरून रोग्याच्या तोंडांत पाणी घातलें, बेवारशी प्रेतास खांदा दिला, आंधळ्या म्हातारीला हात धरून मिस्सेला आणलें, त्यांचीं नांवें कोणत्याहि दप्तरांत नसतात. धर्मग्रामांत बाप्तिस्म्याची वही असते, विवाहाची असते, मरणाचीहि असते. सेवेची वही मात्र नसते. म्हणून या स्मरणिकेंतील कांहीं पानें अशाच एका सेवेच्या कथेस द्यावीं, असें मनांत आलें.

ही कथा आपल्या गांवची नव्हे. इटली देशांतील व्हेनिस या समुद्रकांठच्या नगरींत, इ. स. १५३७ सालीं ती घडली. तथापि तींतील एक तरुण पुढें पांच वर्षांनीं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला, आणि वसईच्या मातीवरहि त्याचे पाय लागले. ज्याचें नांव आपल्या घराघरांतील मुलांस ठेविलें जातें, त्या संत फ्रान्सिस झेवियरनें रोग्यांची सेवा कोठें व कशी शिकली, हें जाणून घेणें आपणांस अगत्याचें आहे.

त्या काळीं व्हेनिस हें एक स्वतंत्र व बलाढ्य प्रजासत्ताक होतें. खाजणांत रोंवलेल्या असंख्य लांकडी खुंटांवर उभारलेलें तें नगर. त्यांत रस्त्यांच्या जागीं कालवे आणि गाड्यांच्या जागीं होड्या. पूर्वेकडील मिरीं, रेशीम व सुगंधी द्रव्यें यांच्या व्यापारावर तें शतकानुशतकें श्रीमंत झालेलें होतें. इ. स. १४९८ मध्यें वास्को द गामा कालिकतास पोहोंचल्यापासून त्या व्यापारास पोर्तुगीजांचा शह बसूं लागला होता, तरी संत मार्काच्या मंदिराचें वैभव उणें झालें नव्हतें. पवित्र भूमीच्या यात्रेस जाणाऱ्या लोकांचें तें मुख्य बंदर. दर वर्षीं उन्हाळा लागला म्हणजे यात्रेकरूंचें जहाज तेथून शीड उभारी आणि यरुशलेमेच्या दिशेनें चालूं लागे.

परंतु बंदराच्या शहराची एक दुसरी बाजू असते, ती आपणां किनाऱ्यावरील लोकांस सांगावयास नको. ज्या वाटेनें धन येतें त्याच वाटेनें रोगहि येतात. इ. स. १८९६ सालीं मुंबईस प्लेग उतरला, त्यानें आपल्या पूर्वजांचीं किती घरें ओस पाडलीं, हें कित्येक कुटुंबांत अद्याप सांगितलें जातें. व्हेनिसवर त्या काळीं अशीच एक आपत्ति कोसळली होती. इ. स. १४९४ ते ९५ च्या सुमारास फ्रेंच सैन्य नेपल्सवर चालून गेलें असतां त्या धामधुमींत उपदंशाचा रोग भयंकर स्वरूपांत पसरला. प्रत्येक राष्ट्रानें त्याचा दोष शेजारच्या राष्ट्रावर ठेवून त्याच्या नांवानें तो रोग ओळखिला; आपल्या देशांतहि 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथांत त्याला 'फिरंगरोग' असें म्हटलें आहे. रोग्याच्या अंगावर व्रण उठत, मांस सडे, हाडें पोखरलीं जात, आणि दुर्गंधीमुळें घरचीं माणसेंहि दूर सरत. या रोगाचें मूळ असलेला सूक्ष्म जंतु इ. स. १९०५ मध्यें सांपडला, व पेनिसिलीननें तो बरा होतो हें इ. स. १९४३ मध्यें सिद्ध झालें. सोळाव्या शतकांत मात्र अमेरिकेकडील बेटांतून आणलेल्या एका लांकडाचा काढा पाजणें आणि रोग्याला कोंडून घाम काढणें, एवढाच काय तो उपाय होता. बरें होण्याची आशा नसल्यामुळें सामान्य इस्पितळांचीं दारें या रोग्यांस बंद असत, आणि ते पुलांवर व मंदिरांच्या पायऱ्यांवर पडून राहत.

त्यांच्यासाठीं पहिलें दार दोन स्त्रियांनीं उघडलें. मारिया मालिपिएरो व मरीना ग्रिमानी या दोन खानदानी स्त्रियांनीं इ. स. १५२२ मध्यें अशा कांहीं रोगी बायकांस आश्रय दिला, आणि त्यांतूनच ज्युदेक्का कालव्याच्या कांठीं 'असाध्य रोग्यांचें इस्पितळ' उभें राहिलें. या कार्यांत संत कायतान यांचाहि हात होता. पुढें इ. स. १५२८ मध्यें दुष्काळ पडून आसपासच्या खेड्यांतील भुकेले लोक शहरांत लोटले, तेव्हां संत योहान व संत पौल यांच्या मंदिराजवळ दुसरें एक इस्पितळ निराश्रितांसाठीं निघालें. तेथील अनाथ मुलांसाठीं जेरोम एमिलियानी या पूर्वींच्या सैनिकानें आपलें सर्वस्व वेंचलें. तो इ. स. १५३७ च्या ८ फेब्रुवारीस, सोमास्का नांवाच्या गांवीं रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्यांच्याच रोगानें मरण पावला. पवित्र ख्रिस्तसभा आज त्यास अनाथांचा आश्रयदाता संत म्हणून मान देते.

जेरोमच्या मृत्यूपूर्वीं बरोबर एक महिना, म्हणजे ८ जानेवारी १५३७ रोजीं, नऊ प्रवासी पायीं चालत व्हेनिसमध्यें शिरले. त्यांचे कपडे फाटलेले, पाय सुजलेले, आणि पाठीवर पुस्तकांच्या पिशव्या होत्या. ते पॅरिसच्या विद्यापीठाचे पदवीधर होते. वयानें बहुतेक सारे तरुण: अल्फोन्सो साल्मेरॉन अवघा एकवीस वर्षांचा, दिएगो लायनेझ पंचविशीच्या घरांतला, पोर्तुगालचा सिमाव रॉड्रिग्ज त्याहून थोडा वडील. नावारच्या सरदारवंशांतील फ्रान्सिस झेवियर व सावॉयच्या डोंगरांत लहानपणीं मेंढरें राखणारा पीटर फेबर हे दोघे तीस वर्षांचे. पॅरिसमध्यें एकाच खोलींत राहून ते शिकले होते. निकोलस बोबादिल्या, क्लॉड जे, पास्काझ ब्रोए व ज्याँ कोदूर हे उरलेले चौघे. या सर्वांचा वडीलधारा इग्नेशिअस लोयोला हा सुमारें वर्षभर आधींच व्हेनिसमध्यें येऊन त्यांची वाट पाहत होता, आणि दिएगो होसेस नांवाचा आणखी एक सोबती तेथें त्याला मिळाला होता.

या मंडळींपैकीं सात जणांनीं इ. स. १५३४ च्या १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणीं, पॅरिसजवळील मॉंमार्त्र टेकडीवर एक नवस केला होता. निर्धन व ब्रह्मचारी राहून यरुशलेमेस जावें आणि तेथें आत्म्यांच्या तारणासाठीं झटावें. एक वर्ष वाट पाहूनहि जाणें न घडलें, तर पोपच्या पायांशीं जाऊन ते पाठवतील तेथें जावें, असा तो नवस होता. त्यासाठींच ते १५ नोव्हेंबर १५३६ रोजीं पॅरिसहून निघाले. फ्रान्सचा राजा व सम्राट पांचवा चार्ल्स यांचें युद्ध चालूं असल्यामुळें सरळ वाट बंद होती. म्हणून लोरेन, बाझल, कॉन्स्टन्स अशा दूरच्या वळणानें, भर हिंवाळ्यांत, हिमाच्छादित डोंगर ओलांडून ते इटलींत उतरले. त्यांच्यापैकीं तिघे धर्मगुरु होते. ते वाटेंत मिस्सा करीत, व बाकीचे पवित्र कम्यूनियन घेऊन पुढें चालूं लागत.

अशा रीतीनें ते बंदरास पोहोंचले. पण जहाज निघण्यास अद्याप पांच-सहा महिने अवकाश होता. ते महिने कसे घालवावे, असा प्रश्न आतां त्यांच्यापुढें होता.

विद्वान माणसास या प्रश्नाचें उत्तर सहज सांपडलें असतें. व्हेनिस हें छापखान्यांचें व ग्रंथांचें माहेरघर होतें. वादविवाद करावयास पंडित होते. प्रवासाचा शीण घालविण्यास कारणहि होतें. परंतु या तरुणांनीं थोडी विश्रांति घेऊन आपल्या दोन तुकड्या केल्या. एक तुकडी संत योहान व संत पौल यांच्या इस्पितळांत गेली, दुसरी असाध्य रोग्यांच्या इस्पितळांत. झेवियर या दुसऱ्या तुकडींत होता. पोपकडे जाऊन यात्रेची अनुज्ञा मागण्याचा समय येईपर्यंत तेथेंच राहावें आणि पडेल तें काम करावें, असें ठरलें.

हें काम कोणतें होतें, तें सिमाव रॉड्रिग्जनें पुढें आपल्या वृत्तांतांत लिहून ठेविलें आहे. रोग्यांचीं अंथरुणें घालणें, जमीन झाडणें, रोग्यांचीं भांडीं घासणें, घाण काढून टाकणें, त्यांना उठविणें-बसविणें, मेलेल्यांस उचलून नेऊन पुरणें, हीं कामें ते रात्रंदिवस करीत. इटालियन भाषा त्यांस धड येत नव्हती. पॅरिसमध्यें ॲरिस्टॉटलवर व्याख्यानें देणारा झेवियर येथें हातांत केरसुणी घेऊन उभा राहिला. त्याच्या विद्येचा रोग्यास कांहीं उपयोग नव्हता. पाणी वेळेवर आणून देण्याचा मात्र होता.

येथें एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तोहि रॉड्रिग्जच्याच वृत्तांतांतला आहे. एका रोग्याचें सर्व अंग कुष्ठासारख्या व्रणांनीं भरलें होतें. त्यानें एका सेवकास हांक मारून पाठ खाजविण्याची विनंति केली. तो खाजवूं लागला, आणि एकाएकीं त्याला शिसारी आली. हा रोग आपल्याला लागेल, या भीतीनें त्याचें मन मागें सरलें. त्याला स्वतःच्या या भीतीचीच लाज वाटली, आणि तिच्यावर जय मिळविण्यासाठीं त्यानें व्रणांतील पू बोटानें काढून तोंडांत घातला. दुसऱ्या दिवशीं त्यानें आपल्या सोबत्यास हंसत सांगितलें कीं, तो रोग घशांत अडकला आहे व आपण तो खोकून काढण्याचा व्यर्थ प्रयत्न करीत आहों, असें रात्रीं स्वप्नांत दिसलें. हा सेवक म्हणजे फ्रान्सिस झेवियरच होता, असें परंपरा सांगते.

ही गोष्ट वाचून आजच्या वाचकाच्या अंगावर कांटा येईल, आणि तो योग्यच आहे. रोग कसा पसरतो हें आपणांस ठाऊक आहे. असें कृत्य आज कोणीं केलें तर तें सेवा न होतां अविचार होईल, व एका रोग्याचे दोन रोगी होतील. स्वतः इग्नेशिअसनेंहि तरुणपणीं देहास अतोनात पीडा दिली होती. परंतु पुढें येशूसंघाचे नियम लिहितांना त्यानें देवाच्या सेवेसाठीं प्रकृति सांभाळण्याचीहि आज्ञा घातली. तेव्हां त्या कृत्याचें अनुकरण कोणीं करूं नये. परंतु त्याच्या आधींचा जो क्षण, तो मात्र आपण नीट पाहावा. संतासहि शिसारी आली. रोग्याच्या खाटेजवळ उभें राहिलें असतां ज्याचें मन मागें ओढ घेतें, त्यानें आपण सेवेस अपात्र आहों असें समजण्याचें कारण नाहीं. शिसारी येणें हें पाप नव्हे. ती आल्यावर पाय कोणत्या दिशेस वळतात, यावर सर्व अवलंबून आहे. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं झेवियर पुन्हा त्याच खोलींत गेला.

मार्च महिन्याच्या मध्यास हे सोबती रोमकडे निघाले. इग्नेशिअस मागें राहिला. उपवासकाळाचे दिवस, वाटेंत पाऊस व चिखल, हातांत पैसा नाहीं. भिक्षा मागत व उपाशी चालत ते झावळ्यांच्या रविवारीं, २५ मार्चला, रोम येथें पोहोंचले. पोप तिसरे पॉल यांनीं ३ एप्रिल रोजीं त्यांस भोजनाच्या वेळीं बोलावून त्यांचा धर्मशास्त्रावरील वाद ऐकिला. त्यांची विद्या व नम्रता पाहून ते प्रसन्न झाले. त्यांनीं यात्रेची अनुज्ञा दिली, प्रवासासाठीं दानहि दिलें, आणि जे अद्याप धर्मगुरु नव्हते त्यांस दीक्षा घेण्याची मोकळीक दिली.

जगाच्या रीतीप्रमाणें पाहिलें तर आतां त्यांचे दिवस पालटले होते. ज्यांनीं पोपच्या समोर बसून वाद केला, ते परत येऊन काय करतील असें आपणांस वाटतें? ते व्हेनिसला परत आले ते थेट त्याच दोन इस्पितळांत गेले, आणि पूर्वींचेंच काम त्यांनीं पूर्वींप्रमाणेंच हातीं घेतलें. २४ जून १५३७ रोजीं, संत योहान बाप्तिस्ता याच्या सणीं, आर्बेचे बिशप व्हिन्चेन्झो नेगुसान्ती यांच्या हस्तें इग्नेशिअस, झेवियर, लायनेझ, रॉड्रिग्ज, बोबादिल्या व कोदूर यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. साल्मेरॉन वयानें लहान, म्हणून त्यास थांबावें लागलें. वेदीजवळ जाण्यापूर्वीं यांपैकीं कित्येकांचे हात रोग्यांच्या सेवेंत मळलेले होते. आपल्या धर्मगुरुपदाचा तो पूर्वाभ्यासच होता, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

आतां जहाज निघण्याचे दिवस आले. आणि जें कधीं होत नसे तें त्या वर्षीं झालें: जहाज निघालेंच नाहीं. व्हेनिस व तुर्क यांच्यांत युद्ध पेटलें. तुर्कांच्या आरमारानें त्याच उन्हाळ्यांत कॉर्फू बेटास वेढा घातला, आणि समुद्रमार्ग बंद झाला. हें युद्ध इ. स. १५४० पर्यंत चाललें.

ज्या एका हेतूसाठीं घरदार व मानमरातब सोडला, ज्यासाठीं पॅरिसपासून पायपीट केली, तो हेतूच समुद्रांत बुडाला. नवसाप्रमाणें त्यांनीं एक वर्ष वाट पाहिली. यात्रेसाठीं मिळालेला पैसा त्यांनीं इतर कामीं लावला नाहीं. ज्यांनीं तो दिला होता त्यांस परत केला. ते आसपासच्या गांवीं विखुरले. प्रार्थना करीत, चौकांत उभे राहून मोडक्यातोडक्या भाषेंत उपदेश करीत. विचेन्सा येथें झेवियर व रॉड्रिग्ज दोघेहि आजारी पडले, आणि तेथील इस्पितळांत दोघांस मिळून एकच खाट मिळाली. व्हेनिसमध्यें ज्यांनीं इतरांचीं अंथरुणें घातलीं, ते आतां स्वतः दुसऱ्याच्या दयेवर पडून होते. सेवा करणें एक, आणि सेवा घेणें दुसरें. हा दुसरा धडा कदाचित् पहिल्याहून कठीण असेल. होसेस पुढच्या वर्षीं पादुआ येथें मरण पावला. त्या मंडळींतील हा पहिला मृत्यु.

वर्ष सरलें, तरी जहाज मिळालें नाहीं. तेव्हां ते रोमला गेले आणि इ. स. १५३८ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं पोपच्या चरणीं स्वतःस अर्पण केलें. त्या हिंवाळ्यांत रोममध्यें कडक थंडी व दुष्काळ पडला. रस्त्यांवर लोक गारठून मरूं लागले, तेव्हां या मंडळींनीं आपल्या राहत्या घरांत गरिबांस आणून निजविलें व खाऊं घातलें. व्हेनिसमधील शिक्षण फुकट गेलें नव्हतें. २७ सप्टेंबर १५४० रोजीं पोप तिसरे पॉल यांनीं येशूसंघास मान्यता दिली. त्या संघाच्या नियमांत इग्नेशिअसनें अशी एक अट घातली कीं, संघांत येऊं इच्छिणाऱ्या उमेदवारानें, मग तो कितीहि कुलीन वा विद्वान असो, एक महिना इस्पितळांत राहावें, तेथेंच जेवावें, तेथेंच निजावें आणि रोग्यांची सेवा करावी. इ. स. १५३७ मध्यें जें जहाजाची वाट पाहतां पाहतां घडलें, तेंच पुढें हजारों तरुणांस घडविणारा नियम होऊन बसलें.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजीं, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, लिस्बनहून निघाला. मोझांबिक येथें जहाजांस कित्येक महिने मुक्काम करावा लागला. तेथें तापानें आजारी पडलेल्या खलाशांची व प्रवाशांची शुश्रूषा त्यानें केली, व अखेर स्वतःहि तापानें अंथरुणास खिळला. ६ मे १५४२ रोजीं तो गोव्यास उतरला. पोपचा प्रतिनिधि म्हणून तो आला होता. त्यास चांगलें निवासस्थान मिळण्यास अडचण नव्हती. पण तो राहिला कोठें? २० सप्टेंबर १५४२ च्या पत्रांत त्यानें स्वतःच लिहिलें आहे कीं, आपण इस्पितळांत उतरलों. तेथें रोग्यांचीं पापनिवेदनें ऐकावीं, त्यांस कम्यूनियन द्यावें. मग तुरुंगांतील बंदिवानांकडे जावें. रविवारीं शहराबाहेर महारोग्यांसाठीं मिस्सा करावी. आणि मुलांस जमवून प्रार्थना व देवाच्या आज्ञा शिकवाव्या, असा त्याचा क्रम होता. मुलें कधीं कधीं तीनशेंहून अधिक जमत.

व्हेनिसची खूण येथें स्पष्ट दिसते. नव्या देशांत, नव्या भाषेंत, अनोळखी लोकांत कामास आरंभ कोठून करावा, हें झेवियरला कोणास विचारावें लागलें नाहीं. जेथें रोगी आहे तेथून आरंभ करावा, हें तो पांच वर्षांपूर्वींच शिकला होता. इ. स. १५४४ मध्यें व पुन्हा इ. स. १५४८ मध्यें तो वसईस आला. ज्या प्रांतांत आपल्या पूर्वजांनीं श्रद्धेचें बीज जपलें, त्या प्रांतांत चाललेलीं त्याचीं पावलें व्हेनिसच्या त्या दुर्गंधीनें भरलेल्या दालनांतून आलेलीं होतीं, हें आपण विसरूं नये.

इतिहास लिहितांना आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. हे तरुण व्हेनिसच्या इस्पितळांत कांहीं महिने राहिले आणि निघून गेले. रोगी मात्र तेथेंच राहिले. त्यांचीं अंथरुणें दुसऱ्या दिवशींहि घालावीं लागलींच, आणि तीं तेथील दायांनीं, नोकरांनीं व इस्पितळाचा कारभार पाहणाऱ्या सामान्य गृहस्थांनीं घातलीं. इ. स. १७९७ मध्यें व्हेनिसचें प्रजासत्ताक लयास गेलें. तोंपर्यंत अडीच शतकांहून अधिक काळ हें कार्य अशा माणसांच्या हातांनीं चाललें. ही इस्पितळें पुढें तेथील अनाथ मुलींच्या गायनाबद्दल युरोपभर प्रसिद्ध झालीं. असाध्य रोग्यांच्या इस्पितळाच्या इमारतींत आज चित्रकला व शिल्पकला शिकविणारी संस्था आहे. त्या दायांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलेलीं नाहींत. इतिहासांत त्या तरुणांचीं नांवें राहिलीं, कारण पुढें ते थोर झाले. देवाच्या वहींत दोघांचीहि नोंद सारखीच असेल, याविषयीं संशय नाहीं. कारण प्रभु येशू ख्रिस्तानें न्यायाच्या दिवसाविषयीं सांगतांना तुम्ही पुढें कोण झालां असें विचारलेलें नाहीं, तर भुकेल्यास अन्न दिलें कीं नाहीं, आजाऱ्याची भेट घेतली कीं नाहीं, एवढेंच विचारलें आहे.

या कथेंतून आपल्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणींनीं काय घ्यावें? आज प्रत्येक तरुण कोणत्या ना कोणत्या जहाजाची वाट पाहत असतो. कोणी परीक्षेच्या निकालाची, कोणी नोकरीची, कोणी परदेशच्या परवान्याची, कोणी विवाहाची. एकदां बस्तान बसलें कीं मग धर्मग्रामासाठीं कांहीं तरी करूं, असें तो मनापासून म्हणतो. त्यांत कपट नसतें. पण जहाज मिळालें म्हणजे तो निघून जातो, आणि न मिळालें तर निराश होऊन बसतो. दोन्ही प्रकारें मधला काळ रिकामाच जातो. व्हेनिसच्या त्या तरुणांचेंहि ध्येय रुग्णसेवा हें नव्हतें. त्यांचें ध्येय यरुशलेम होतें. सेवा त्यांनीं मधल्या काळांत केली. यरुशलेम त्यांस कधींच दिसलें नाहीं, आणि मधल्या काळांतील तें कामच त्यांच्या जीवनाचा पाया ठरलें. इ. स. १८३३ मध्यें पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या मित्रांसह संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या नांवानें गरिबांच्या घरीं जाण्यास आरंभ केला, तोहि शिक्षण चालूं असतांनाच. पदवी मिळेपर्यंत तो थांबला नाहीं.

आपल्याकडे आज फिरंगरोगाचे रोगी पुलांवर पडलेले नाहींत, हें खरें. परंतु ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, अशीं वृद्ध मातापितरें मोठ्या घरांत एकटीं बसलेलीं आहेत. अर्धांगानें खिळलेला एखादा गृहस्थ आपल्याच आळींत आहे, आणि त्याची बायको कित्येक महिन्यांत रविवारच्या मिस्सेला येऊं शकलेली नाहीं, कारण तासभर त्याच्याजवळ बसावयास कोणी नाहीं. मोलमजुरीसाठीं दूरदेशाहून आलेला, भाषा न जाणणारा रोगी सरकारी इस्पितळाच्या खाटेवर पडून आहे. त्यांच्यासाठीं विद्या लागत नाहीं, पैसाहि फारसा लागत नाहीं. एक तास लागतो, आणि नाक न मुरडतां त्या खोलींत पाऊल टाकण्याचें धैर्य लागतें. हातांस मोजे घालावे, साबणानें हात धुवावे, वैद्याचा सल्ला मानावा, पण जावें.

महोत्सवाच्या निमित्तानें मंदिरास रंग दिला जाईल, दिव्यांच्या माळा लागतील, मिरवणूक निघेल; तें सर्व शोभेचेंच आहे आणि व्हावेंच. त्याबरोबर या वर्षीं आपल्या तरुणमंडळानें धर्मग्रामांतील अंथरुणास खिळलेल्या लोकांची एक यादी करावी, आणि प्रत्येक घरीं आठवड्यांतून एकदां कोण जाईल तें ठरवावें. ती यादी पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेंत छापली जाणार नाहीं, आणि न छापली तरी चालेल. पुढील महोत्सवाच्या वेळीं त्या घरांतील माणसें जर म्हणालीं कीं, आमच्याकडे त्या वर्षीं कोणी तरी येत असे, तर आपला महोत्सव सफल झाला असें समजावें.

ज्या प्रभूनें आपल्या शिष्यांचे पाय धुतले, तो आपल्या तरुणांस ही सद्बुद्धि देवो, आणि संत फ्रान्सिस झेवियर यांची विनवणी या धर्मग्रामावर सदैव असो, हीच त्या प्रभूच्या चरणीं प्रार्थना.